दहा मायक्रोफॅरड

उद्यमनगरात एकतीस वर्षं
कास्टिंगच्या कडा घासल्या.
ग्राइंडरनं लोखंडाबरोबर
माझ्या कानांचीही वरची कड नेली.
डॉक्टरीणबाईंनी आलेख काढून दाखवला:
इथवर बरा, मग चार हजारला
पन्हाळ्याच्या तटावरून धोंडा सुटावा
तसा सरळ खाली.
चिमणी माझ्यासाठी सात वर्षं मुकी आहे.

म्हणजे उरलंय ते खालचं.
आणि नेमकं तेच ह्या सेटात नव्हतं.

रोज सव्वासहा, चाळीस मीटर.
वेंगुर्ल्याचे डिमेलो, पोस्टातून रिटायर,
हेडफोनात पत्र्याच्या डब्यातनं बोलायचे.
अकरा वर्षं मी त्यांना
छत्रीच्या काडीएवढा माणूस समजत आलो.

सेट मीच जोडलेला, खोटही मलाच सापडली.
आयसीच्या पायापासून जॅककडं जाताना
वाटेत एक इवलासा कपॅसिटर, दहा मायक्रोफॅरड,
जकात नाक्यावरच्या कारकुनासारखा बसलेला.
चपळ सूर सलाम ठोकून पार,
जड सूर गाडीसकट माघारी.
वहीच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाशेजारी
गणित मांडलं: बत्तीस ओहम, दहा मायक्रो,
पाचशेच्या खालचं गळत चाललेलं.
माणसाची छातीच गळत होती म्हणा की.

लक्ष्मीपुरीत अस्लम बागवानकडं
चारशे सत्तरचा मागितला.
"एवढा कशाला काका? दोनशेवीसचा चालतोय की."
म्हटलं, जन्मभर मापात घेतलं,
आज जरा दांडगा दे.

बोर्डावर जागा पुरेना.
आडवा निजवला, धन टोक आयसीकडं,
वरून मेणाचे दोन थेंब.

सेट लावला
आणि आधी आलं घुंऽऽ.
शंभर सायकलचं, माझ्याच पॉवर सप्लायचं.
ते पहिल्यापासून होतंच,
कारकून त्यालाही नाक्यावर थोपवून धरायचा.
बिचाऱ्याला उगाच शिव्या घातल्या.
दोन दिवस गेले. फुगलेला फिल्टर बदलला,
अर्थिंगच्या सगळ्या तारा एका खिळ्याला आणल्या.
तरी बारीक घुं राहिलंच,
तुरटी फिरवली तरी घागरीच्या तळाला राहतं तसं.

मला वाटलं होतं, समुद्र येईल.
डिमेलोंच्या खिडकीखालीच असतो म्हणे.
नाही आला.
तीनशेच्या खालचं त्यांचा सेट पाठवतच नाही,
हे परीक्षेला मीच लिहिलेलं,
तरी कान लावून बसलो होतो.

तीनशे ते पाचशे. एवढीच पट्टी हाताला लागली,
बांधाकडेची चार बोटं जमीन.
तेवढ्यात डिमेलो मावले,
आख्खे, मानेसकट, ढेरीसकट.
"काय चौगले, आज गप्प कित्याक?"
मी विचारलं, तुमचं वजन किती हो?
ते हसले.
आजवर त्यांचं हसू म्हणजे पत्र्यावर सांडलेले खिळे.
आज ते पोटातून निघालं
आणि माझ्या जबड्याच्या हाडाला लागलं.
"शंभराक दोन कमी. ओव्हर."

शालननं हेडफोन लावून बघितला,
म्हणाली, रांजणात तोंड घालून बोलल्यागत वाटतंय,
पहिलाच बरा होता.
तिचे कान शाबूत आहेत. तिचंही खरंच.

जुना दहाचा टाकला नाही,
पाय वाकलेला, खिशात आहे.
एक बटण बसवीन म्हणतो:
वर केलं की तिचे डिमेलो,
खाली केलं की माझे.

अस्लमकडं तसलं बटण नव्हतं.
शनिवारी या म्हणाला.